नसलेल्या जगाचा साक्षीदार

१९७५ साल उजाडलं तेव्हा ‘स्टार वॉर्स’ नावाचा सिनेमा कागदाबाहेर कुठेही नव्हता. कागदावर होता, पण तिथेही स्थिर नव्हता. दिग्दर्शक जॉर्ज लुकस पटकथा पुन्हा पुन्हा लिहून काढत होता. पात्रांची नावं बदलत होती, नाती बदलत होती, मध्ये काही काळ तर नायकाची नायिका झाली होती. त्या पानांत कधी न ऐकलेले ग्रह होते, कधी न पाहिलेले प्राणी होते, प्रकाशाच्या तलवारी होत्या. पैसे घालणाऱ्या माणसाने हे वाचून डोळ्यांसमोर आणायचं तरी काय?

लुकसने काही प्रसंग एका चित्रकाराला रंगवायला दिले. चित्रकार ४५ वर्षांचा, अबोल, सिनेमाच्या धंद्यात फारसा कुणाला ठाऊक नसलेला. राल्फ मॅक्वारी त्याचं नाव. अगदी सुरुवातीच्या एका चित्रात त्याने वाळवंटात उभे असलेले दोन यंत्रमानव रंगवले. एक सडपातळ, धातूच्या अंगाचा, माणसासारखा. दुसरा बुटका, घुमटासारख्या डोक्याचा. चित्रात घडत काहीच नाही. दोघे कुठून तरी आले आहेत आणि आता कुठे जायचं या पेचात आहेत, एवढंच. दुसऱ्या एका चित्रात काळा झगा आणि मुखवटा घातलेली आकृती प्रकाशाची तलवार घेऊन एका तरुणावर चालून येते.

ही चित्रं ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या स्टुडिओच्या संचालकांपुढे ठेवली गेली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस सिनेमाला होकार मिळाला. केवळ चित्रांमुळे पैसे मिळाले असं म्हणणं बरोबर होणार नाही. लुकसचा १९७३ चा ‘अमेरिकन ग्राफिटी’ तुफान चालला होता आणि फॉक्समधल्या ॲलन लॅड ज्युनियरचा त्याच्यावर भरवसा होता. पण भरवसा माणसावर असतो. सिनेमा कसा दिसेल याचं उत्तर त्यात नसतं. ते उत्तर मॅक्वारीच्या चित्रांत होतं.

मी त्या चित्रांकडे सिनेमापेक्षा जास्त वेळा गेले आहे. सिनेमा मला आवडतो, पण त्याला घाई आहे. त्याला पुढच्या प्रसंगाकडे जायचं असतं. चित्रं थांबतात. त्यांच्यासमोर बसलं की काही वेळाने एक गोष्ट जाणवायला लागते. हा माणूस कल्पना रंगवतो आहे असं वाटतच नाही. तो तिथे जाऊन आला आहे, त्या वाळूतून चालला आहे, आणि परत येऊन शांतपणे सांगतो आहे की बाबांनो, मी पाहिलं ते असं होतं. साक्षीदार जसा आवाज न चढवता बोलतो तसं. हा स्वर त्याच्यात कुठून आला याचा शोध घेताना मला त्याच्या आयुष्यातली अशी वर्षं सापडली, जी त्याच्याबद्दलच्या लेखांत सहसा एका वाक्यात उरकली जातात.

मॅक्वारीचा जन्म १३ जून १९२९ चा, इंडियाना राज्यातल्या गॅरी गावचा. लहानपण मोंटानात बिलिंग्जजवळच्या शेतावर गेलं. तरुणपणी कोरियाच्या युद्धावर गेला. तिथे डोक्याला गोळी लागूनही तो वाचला. साठच्या दशकात कॅलिफोर्नियाला येऊन लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटरमध्ये शिकला. पोटासाठी एका दंतवैद्यकीय कंपनीकरता दात आणि दातांची उपकरणं काढली. बोइंगमध्ये तांत्रिक चित्रकार म्हणून काम केलं. सिनेमांची पोस्टरं केली. आणि अपोलो मोहिमांच्या काळात सीबीएस न्यूज या अमेरिकी वृत्तवाहिनीच्या वृत्तांकनासाठी अंतराळयानांची ॲनिमेशनं केली.

दात, विमानं, याने. चरित्रलेखक इथून पटकन पुढे सरकतात, कारण त्यांना १९७५ गाठायचं असतं. मला मात्र इथेच थांबावंसं वाटतं.

तांत्रिक चित्रकाराचं काम बाहेरून कंटाळवाणं दिसतं. यंत्राचा भाग समोर ठेवायचा, तो कुठे जोडला जातो, कुठून उघडतो, त्याच्या आत काय आहे हे काढून दाखवायचं. तिथे शैलीला जागा नसते, मनःस्थितीला तर नसतेच. पण त्या प्रत्येक रेषेवर एक जबाबदारी असते. तुमचं चित्र पाहून कुणीतरी खरोखर हातात पाना घेणार असतो. रेष चुकली तर त्याचा हात चुकीच्या जागी जाईल. अशा कामात वर्षं घालवलेल्या माणसाच्या बोटांना एक सवय लागते: सुटी, हवेत तरंगणारी वस्तू काढायचीच नाही. प्रत्येक गोष्ट कशाला तरी जोडलेली असते, कशावर तरी टेकलेली असते, तिला वजन असतं.

अपोलोचं काम याच्याही एक पाऊल पुढचं. यान चंद्राकडे निघालं की त्याला बाहेरून पाहणारा कॅमेरा जवळजवळ नसायचाच. इंजिन पेटतंय, चांद्रयान खाली उतरतंय, हे सगळं घडत होतं आणि कुणालाही बाहेरून दिसत नव्हतं. वाहिन्यांना ते चित्रांतून, प्रतिकृतींतून दाखवावं लागे. म्हणजे मॅक्वारी जे काढत होता ते पूर्ण खरं होतं आणि पूर्ण अदृश्य होतं. त्याला मनाने काही बेतायची मुभा नव्हती. आकडे, आकार, क्रम सगळं ठरलेलं होतं. तरीही त्याला डोळे मिटून ते पाहावं लागत होतं, कारण डोळे उघडून पाहण्याची सोय नव्हती.

अदृश्य पण खऱ्या गोष्टी काढणाऱ्या हाताला पुढे कुणीतरी अदृश्य आणि खोट्या गोष्टी काढायला सांगितल्या. हात मात्र तोच राहिला. माझ्या मते मॅक्वारीचं सगळं मर्म यात आहे.

तो एकटाच तसा नव्हता. चेस्ली बोनस्टेल आठवा. १८८८ चा जन्म, वास्तुरचनेचं शिक्षण, न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीवर काम केलेला आणि गोल्डन गेट पुलाची चित्रं काढलेला माणूस. १९४४ मध्ये ‘लाइफ’ मासिकात त्याची शनीची चित्रं आली. शनीच्या वेगवेगळ्या उपग्रहांवर उभं राहून शनी कसा दिसेल, अशी. टायटनच्या बर्फाळ कड्यांमधून दिसणारा शनी पाहून एक अख्खी पिढी अंतराळाच्या नादी लागली. सिड मीड हा फोर्ड मोटर कंपनीच्या स्टुडिओत गाड्यांचे आकार घडवत होता आणि तिथून ‘ब्लेड रनर’पर्यंत पोहोचला. ‘एलियन’मधला भयानक जीव ज्याच्या चित्रांतून आला तो एच. आर. गीगर, ज्याला आपण निव्वळ दुःस्वप्नांचा चित्रकार समजतो, तोही झुरिकला वास्तुकला आणि औद्योगिक रचना शिकला होता. त्याच्या राक्षसांच्या बरगड्या नळ्यांसारख्या का दिसतात आणि नळ्या बरगड्यांसारख्या का, हे मला त्याचं शिक्षण कळल्यावर उमगलं.

अपवाद रॉन कॉबचा. त्याने चित्रकलेचं औपचारिक शिक्षण घेतलंच नाही. तरुणपणी डिस्नेच्या स्टुडिओत दोन मुख्य चित्रांमधली जोडचित्रं काढायचं काम त्याने केलं, पुढे राजकीय व्यंगचित्रं काढली. पण ‘एलियन’साठी नॉस्ट्रोमो हे मालवाहू यान बेतताना तो जणू जहाजबांधणीच्या कारखान्यात नोकरीला होता. दारांवर, भिंतींवर लावायच्या सूचनाचिन्हांची एक मालिकाच त्याने तयार केली: इथे हवेचा दाब नाही, इथे कृत्रिम गुरुत्वाकर्षण आहे, वगैरे. पडद्यावर ती चिन्हं जेमतेम दिसतात. तरी ती नसती तर ते यान नेपथ्य वाटलं असतं. त्या जीवाच्या रक्तात आम्ल असावं ही सूचनाही कॉबचीच. कारण सरळ होतं: खलाशी त्याला गोळी का घालत नाहीत? घातली तर रक्त यानाची तळजमीन जाळत खाली जाईल. एका व्यवहारी प्रश्नातून अख्ख्या सिनेमाची भीती उभी राहिली.

मॅक्वारीच्या बाबतीत असाच एक व्यवहारी प्रश्न आहे आणि तो याहून मोठा ठरला. पटकथेच्या त्या वेळच्या खर्ड्यात खलनायक डार्थ व्हेडर एका यानातून दुसऱ्या यानात येतो. मध्ये पोकळी आहे. लुकसच्या डोक्यात काळा, फडफडणारा झगा होता, सामुराई योद्ध्यांची आठवण होती. मॅक्वारीने विचारलं ते एवढंच, की मग हा श्वास कसा घेईल? म्हणून त्याने तोंडावर श्वसनयंत्राचा मुखवटा चढवला आणि त्यावर मानेपर्यंत पसरलेलं शिरस्त्राण ठेवलं. तेवढ्या प्रसंगापुरतीच ही सोय होती.

ती उतरलीच नाही. मुखवटा पाहिल्यावर त्याशिवाय व्हेडरची कल्पनाच कुणाला करता येईना. ब्रायन म्यूर या शिल्पकाराने तो मातीत घडवला. ध्वनिरचनाकार बेन बर्टने पाणबुड्याच्या श्वसनयंत्रातून येणारा श्वास ध्वनिमुद्रित करून त्याला जोडला. मग श्वास ऐकू येतो म्हटल्यावर तो का ऐकू येतो याला गोष्टीत कारण लागलं: हा माणूस आतून मोडलेला आहे, यंत्र त्याला जगवतं आहे. पुढच्या सिनेमांतली सगळी शोकांतिका, बाप-लेकाचं नातं, शेवटी मुखवटा काढून दाखवलेला तो पांढराफटक चेहरा, हे सगळं त्या श्वासाच्या आधाराने उभं आहे. मोटारीचं इंजिन उघडून पाहणाऱ्या माणसाच्या कुतूहलाने विचारलेला एक प्रश्न एका पात्राचं प्रारब्ध बनला. लेखकाने चित्रकाराला गोष्ट दिली होती. चित्रकाराने ती परत केली तेव्हा तिच्यात एक शरीर आलं होतं.

बुटक्या यंत्रमानवाच्या, आर्टू-डीटूच्या जन्मात मात्र त्याला माघार घ्यावी लागली. मॅक्वारीने आधी तो एका मोठ्या गोळ्यावर घरंगळत जाणारा असावा असं योजलं होतं. नंतर त्याला पाय दिले, तेव्हा कुबड्यांवर चालणारा माणूस जसा अंग पुढे झोकून देतो तसा तो चालेल असं त्याच्या मनात होतं. चित्रात दोन्ही सुंदर दिसतं. कारखान्यात मात्र १९७६ ची साधनं होती, ठरावीक पैसे होते आणि आत बसायला केनी बेकर हा लहान चणीचा अभिनेता होता. त्यामुळे जो यंत्रमानव आपल्याला भेटला तो डुलत, अडखळत चालणारा आहे. आणि गंमत बघा, त्याच्यावर जीव जडतो तो त्याच्या अडखळण्यामुळेच. गोळ्यावर घरंगळणारा यंत्रमानव पडद्यावर यायला २०१५ साल उजाडावं लागलं, तेही दुसऱ्या रूपात, दुसऱ्या नावाने.

उंच यंत्रमानवाची, सी-थ्रीपीओची गोष्ट वेगळी आहे. १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटातली धातूची स्त्री मॅक्वारीच्या नजरेसमोर होती आणि चित्रात ते साम्य स्पष्ट दिसतं. पण त्या स्त्रीचा चेहरा थंड आहे, भुरळ घालणारा आहे. मॅक्वारीचा यंत्रमानव काळजीत पडलेला आहे. तो चेहऱ्यावर कुठलाही भाव न काढता काळजीत दिसतो, कसा ते मला अजून नीट सांगता येणार नाही. थोडं खांद्यांमुळे असेल, थोडं पुढे आलेल्या हातामुळे. अँथनी डॅनियल्स हा मूकाभिनयाचं शिक्षण घेतलेला ब्रिटिश नट लुकसला भेटायलाही नाखूष होता. यंत्रमानवाची भूमिका कशाला करायची, असं त्याला वाटे. लंडनमध्ये लुकसच्या कचेरीत भिंतीवर त्याला ते चित्र दिसलं आणि चित्रातला यंत्रमानव आपल्याकडे पाहतोय असं त्याला वाटलं. त्याने भूमिका घेतली आणि पुढे चार दशकांहून जास्त काळ केली. तो पोशाख शिल्पकार लिझ मूरने घडवला. चित्रातली ती गोंधळलेली सौम्यता तिने चेहऱ्यात उतरवली. सिनेमा येण्याआधीच, १९७६ मध्ये तिचा मृत्यू झाला. तिचं नाव फार थोड्या लोकांना माहीत आहे, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

खरं तर या कामात नावांचा हिशेब करणं अवघडच असतं. त्या सिनेमातल्या बहुतेक लढाऊ यानांचे मूळ आकार कॉलिन कँटवेलचे. त्याने बनवलेल्या प्रतिकृती पाहून मॅक्वारीने ती याने रंगवली. जो जॉन्स्टन या चित्रकाराने प्रसंगांची क्रमचित्रं काढली आणि आकार अजून बदलले. केसाळ चुबाका हे पात्र आधी मोठ्या डोळ्यांच्या, माकडासारख्या प्राण्याच्या रूपात होतं. मग लुकसने एका विज्ञानकथा मासिकातलं जॉन शोनहर या चित्रकाराचं चित्र मॅक्वारीपुढे ठेवलं आणि चुबाकाने तिकडे वळण घेतलं. तेव्हा ‘मॅक्वारीने स्टार वॉर्स घडवला’ असं कुणी म्हटलं की मला ते खटकतं, जरी माझं प्रेम त्याच्याच बाजूने असलं तरी. त्याने केलं ते निराळं. इतक्या जणांच्या हातांतून आलेल्या गोष्टींना त्याने एकच हवा दिली, एकाच सूर्याचा उजेड दिला. मॅक्वारी गेल्यावर लुकसने लिहिलं होतं की शब्द अपुरे पडत तेव्हा राल्फच्या चित्राकडे बोट दाखवून ‘हे असं करा’ एवढं म्हटलं की पुरे होई. सुतार, शिंपी, रंगारी, कॅमेरामन या सगळ्यांचं बोलणं त्या चित्रांपाशी येऊन जुळत होतं.

आता थोडं रंगांबद्दल, कारण याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं आणि ऐकणारे सगळ्यात आधी कंटाळतात.

मॅक्वारी बहुतेक करून ग्वाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, आणि ॲक्रिलिक वापरायचा. ग्वाश हे कठोर माध्यम आहे. ओला असताना दिसतो तो रंग वाळल्यावर राहत नाही; फिका थोडा गडद होतो, गडद थोडा फिका. वाळलेल्या थरावर ओला ब्रश जरा जास्त रेंगाळला की खालचा रंग सुटून वर येतो आणि सगळं गढूळ होतं. तेलरंगासारखं मनात येईल तसं ढवळत बसता येत नाही. म्हणून हे माध्यम वापरणारे चित्रकार आधी ठरवतात आणि मग रंगवतात. मॅक्वारीची तळहातावर मावतील अशी पेन्सिल रेखाटनं पुस्तकांत पाहायला मिळतात. कॅमेरा कुठे, क्षितिज किती वर, माणूस केवढा, उजेड कुठून, याचा निकाल त्या एवढ्याशा चौकटीतच लागलेला असतो. पुढचं काम संयमाचं.

त्याच्या चित्रांत रंग फार नसतात. एक मुख्य रंगछटा पूर्ण चित्रावर पसरलेली असते, धुळीची किंवा बर्फाची किंवा संध्याकाळची, आणि तिच्यात एखादा छोटा उष्ण ठिपका: यानाचं इंजिन, खिडकीतला दिवा, तलवारीची रेघ. डोळा आधी त्या ठिपक्याकडे जातो आणि मग हळूहळू मागे सरकत त्या जागेचा विस्तार त्याच्या लक्षात येतो. दूरच्या गोष्टी विरत जातात, कारण तिथे हवा आहे. नसलेल्या ग्रहावर हवा आहे हे पटलं की बाकी पटायला वेळ लागत नाही.

आणि माणसं छोटी. नेहमी छोटी. जागा त्यांच्यासाठी सजून बसलेली नसते; ती त्यांच्या आधीपासून तिथे आहे आणि नंतरही राहणार आहे. मला सर्वांत जास्त आवडतात ती त्याची ‘स्टार वॉर्स’च्या दुसऱ्या सिनेमासाठी, ‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’साठी केलेली ढगांतल्या शहराची चित्रं. तांबूस-नारिंगी आकाश, गोलसर पांढऱ्या इमारती, आणि चौकातून चाललेली माणसं जी आपल्या कामाला निघाली आहेत. वर बघत कुणी थक्क झालेलं नाही. ढगांत राहणाऱ्या माणसाला ढगांचं कसलं अप्रूप? हवेत तरंगणाऱ्या शहराची ही कल्पना पहिल्या सिनेमाच्या वेळचीच. तेव्हा मॅक्वारीने तिचं चित्र केलं होतं, ते वापरलं गेलं नाही, आणि १९८० च्या या दुसऱ्या सिनेमात तिला जागा मिळाली.

आजची संकल्पनाचित्रं, म्हणजे सिनेमा बनण्याआधी तो कसा दिसेल हे ठरवणारी चित्रं, पाहताना मला हीच गोष्ट हरवल्यासारखी वाटते. साधनं अफाट झाली आहेत. एका सिनेमाच्या कलाविभागात आता खूप चित्रकार असतात, त्रिमितीय प्रतिमान तयार असतं, छायाचित्रांचे तुकडे जोडता येतात, एका दिवसात एकाच दाराची वीस रूपं निघतात. त्यातले कित्येकजण असामान्य चित्रकार आहेत. पण बऱ्याच चित्रांत क्षण नेहमी कळसाचा असतो: काहीतरी कोसळतंय, पेटतंय, कुणीतरी कड्यावर उभं राहून पाहतंय. प्रत्येक चित्राला आधी स्वतःकडे लक्ष वेधून घ्यायचं असतं. मॅक्वारीला ती निकड नव्हती. त्याने मंगळवारची दुपार रंगवली, परक्या ग्रहावरची.

सिनेमाआधी लोकांपर्यंत पोहोचली तीही त्याचीच चित्रं. १९७६ च्या अखेरीस, सिनेमा प्रदर्शित व्हायच्या कितीतरी आधी, त्याच गोष्टीची कादंबरी बाजारात आली तिच्या मुखपृष्ठावर मॅक्वारीचं चित्र होतं. २५ मे १९७७ नंतर त्याला काम कमी पडलं नाही. त्याच वर्षी आलेल्या स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘क्लोज एन्काउंटर्स’साठी त्याने परग्रहवासीयांचं महायान चितारलं. स्पीलबर्गच्या मनात भारतात रात्री पाहिलेला, दिव्यांनी लखलखणारा तेलशुद्धीकरण कारखाना होता. मॅक्वारीने यानाचा पत्रा जवळजवळ काढूनच टाकला आणि उजेडाचं शहर उरवलं. ग्रेग जीनने त्यावरून प्रतिकृती बनवली. तिच्या बारीकसारीक भागांत एक छोटा आर्टू-डीटू दडवलेला आहे. एकाच वर्षी एकाच माणसाने धुळकट, पोचे पडलेली, दुरुस्त करून वापरलेली याने आणि हे प्रकाशाचं झुंबर अशी दोन विरुद्ध टोकं गाठली. ‘ई.टी.’मधलं यानही त्याचंच. १९८५ च्या ‘कोकून’साठी दृश्य-परिणामांचं ऑस्कर त्याला इतर तिघांबरोबर विभागून मिळालं.

‘एम्पायर’मध्ये तो काही क्षण पडद्यावरही आहे, बंडखोरांच्या बर्फातल्या तळावर गणवेश घालून. संवाद नाही. मला तो क्षण आवडतो, कारण त्या तळाचं वातावरण त्याच्याच चित्रांतून आलेलं होतं.

नव्वदच्या दशकात लुकसने नव्या सिनेमांची जुळवाजुळव सुरू केली तेव्हा मॅक्वारीला विचारणा झाली. त्याने नकार दिला. आपल्यातली वाफ संपली आहे, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे पार्किन्सन्सच्या आजाराने त्याला गाठलं. ज्याचा आयुष्यभराचा भरवसा हाताच्या स्थिरतेवर होता त्याच्या वाट्याला हाच आजार यावा, याचं मला फार वाईट वाटतं आणि त्यात काही अर्थ शोधायची इच्छा होत नाही. ३ मार्च २०१२ रोजी बर्कलीला राहत्या घरी तो गेला. वय ८२.

संकल्पनाचित्राचं नशीब विचित्र असतं. ते वापरून संपवण्यासाठीच काढलेलं असतं. सेट उभा राहिला, प्रतिकृती बनली, दृश्य चित्रित झालं की त्या चित्राचं काम झालं. नापसंत चित्रांना तर तेवढंही भाग्य नाही. ती खोक्यांत जातात. मॅक्वारीच्या खोक्यांतून मात्र अजून गोष्टी निघतच आहेत. १९८३ च्या सिनेमासाठी त्याने पूर्ण ग्रहभर पसरलेल्या शहराची चित्रं केली होती. तो भाग पटकथेतून गळाला, पण शहराने १९९९ च्या सिनेमात कोरसांट होऊन जागा मिळवली. मोठ्या डोळ्यांचा तो जुना चुबाका २०१४ च्या ‘रेबेल्स’ मालिकेत झेब नावाचं वेगळंच पात्र होऊन आला.

याबद्दल माझं मन दोन बाजूंना ओढलं जातं. चित्रं खोक्यांत कुजण्यापेक्षा पडद्यावर आलेली बरी, यात शंका नाही. पण मॅक्वारीची ताकद ज्या मोकळीकीत होती ती खोक्यात सापडणार नाही. लुकसने त्याला सांगितलं होतं की हे बनवायचं कसं याची चिंता करू नकोस, दिसायला हवं तसं रंगव. पटकथा अजून ओली होती, म्हणून ‘हा श्वास कसा घेईल’ या प्रश्नाने ती वळू शकली. आज ज्या सिनेमांत त्याची चित्रं जशीच्या तशी उचलली जातात तिथे असा प्रश्न विचारणाऱ्या नव्या चित्रकाराला पात्राचं प्रारब्ध बदलू देतील का? तशी मुभा ज्याला मिळेल असा कुणीतरी ४५ वर्षांचा, दुसऱ्याच धंद्यातून आलेला माणूस आजच्या कलाविभागाच्या दारापर्यंत तरी पोहोचेल का? मला मनापासून वाटतं की पोहोचावा.

मॅक्वारीने नाकारलेलं काम डग चँगकडे गेलं. चँगने किशोरवयात ‘स्टार वॉर्स’ पाहिला होता आणि मॅक्वारीच्या चित्रांवर त्याची नजर घडली होती. २०१६ च्या ‘रोग वन’मध्ये नील लॅमाँटबरोबर तो कलादिग्दर्शनाची धुरा सांभाळत होता. त्या सिनेमात व्हेडर पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या घरी दिसतो: लाव्हाच्या प्रवाहावर उभा असलेला काळा, उंच किल्ला. मॅक्वारीने तो ‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’साठी रंगवला होता, तेव्हा पटकथेत त्याला जागा सापडली नव्हती. चँगच्या चमूने तीच चित्रं बाहेर काढली आणि किल्ल्याला आत व्हेडरला मुखवटा उतरवून तरंगत राहता येईल असा द्रवाने भरलेला हौद दिला.